मुलाच्या ताब्याचा दावा आणि मुलाचे म्हणणे: नाशिकमधील पालकांसाठी मार्गदर्शन

घटस्फोटाचा किंवा मुलाच्या ताब्याचा दावा दाखल झाला की थोड्याच दिवसांत एक प्रश्न हमखास पुढे येतो: आमच्या मुलाला कोर्टात साक्ष द्यावी लागेल का? काही पालक तो धास्तीने विचारतात, तर मूल आपल्याच बाजूने बोलेल अशी खात्री असलेले काही जण अपेक्षेने विचारतात. दोघांनाही उत्तर एकच आहे. मुलाचे म्हणणे न्यायाधीशांपर्यंत पोहोचले पाहिजे, मात्र त्यासाठी मुलाला साक्षीदार करण्याची गरज क्वचितच पडते. आणि मुलाला पिंजऱ्यात उभे करून दावा जिंकू पाहणाऱ्या पालकाने आपण मुलाकडून काय मागत आहोत याचा आधी शांतपणे विचार करावा. मुलाचे म्हणणे नीट ऐकले जावे आणि त्याच्यावर कमीत कमी ओझे पडावे यासाठी पालकाने काय करावे, काय टाळावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मुलाचे म्हणणे न्यायालयात कसे पोहोचते

नाशिक शहरातील असे दावे कौटुंबिक न्यायालयात चालतात. निफाड, सिन्नर, दिंडोरी, येवला अशा ठिकाणांहून येणाऱ्यांनी आपला अर्ज नेमका कोणत्या न्यायालयात दाखल करायचा हे वकिलांकडून आधी पक्के करून घ्यावे, कारण पालक व पाल्य अधिनियम, 1890 च्या कलम 9 नुसार मूल सर्वसाधारणपणे कोठे राहते त्यावर न्यायालयाचे अधिकारक्षेत्र ठरते. वकील करण्याची ऐपत नसेल तर सीबीएस (मध्यवर्ती बस स्थानक) जवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. चौकशीसाठी 15100 हा क्रमांक आहे.

मुलाचे म्हणणे न्यायालयापुढे येण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली वाट विवाह समुपदेशकांची. न्यायाधीशांनी प्रकरण त्यांच्याकडे पाठवले की ते आईवडिलांशी आणि आवश्यक वाटल्यास मुलाशी स्वतंत्रपणे बोलतात व न्यायालयाला अहवाल देतात. दुसरी वाट न्यायाधीशांच्या दालनातील भेटीची. या भेटीत न्यायाधीश मुलाशी थेट बोलतात आणि पालक व वकील सहसा बाहेर थांबतात. तिसरी वाट रीतसर साक्षीची, म्हणजे शपथ, सरतपासणी (साक्षीला बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न) आणि उलटतपासणी (विरुद्ध बाजूचे प्रश्न). ताब्याच्या बहुतेक दाव्यांचे काम पहिल्या दोन वाटांनी भागते. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 14 मुळे, वाद सोडवण्यास उपयोगी वाटणारा अहवाल किंवा निवेदन एरवी पुराव्याच्या कायद्यात बसत नसले तरी न्यायालयाला विचारात घेता येते. त्यामुळे “साक्ष झाली नाही तर मुलाचे म्हणणे वाया जाईल” ही भीती निराधार आहे.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. समुपदेशकांपुढे बोललेले सगळे गुप्तच राहील, असे वचन मुलाला कधीही देऊ नये. समेटाच्या बोलण्यांना एरवी गोपनीयता असते; पण ताब्याच्या प्रश्नात मुलाच्या हिताशी संबंधित असलेला समुपदेशकांचा अहवाल न्यायालय वापरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. गुप्ततेचे वचन मोडल्याचे मुलाच्या लक्षात आले की पुढे ते कोणाजवळच मोकळे होत नाही.

मुलाच्या इच्छेला किती वजन असते

“नऊ वर्षे पूर्ण झाली की मूल स्वतः निवड करू शकते” असे नातेवाईक छातीठोकपणे सांगतात. कायद्यात असे कोणतेही वय ठरवून दिलेले नाही. 1890 च्या अधिनियमाचे कलम 17 एवढेच म्हणते की, समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मूल मोठे असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते. हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 26 मध्येही शक्य असेल तेथे मुलांच्या इच्छेशी सुसंगत आदेश करावा असे म्हटले आहे. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा, असे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 मध्ये नमूद आहे; पण त्याच अधिनियमाच्या कलम 13 नुसार मुलाचे कल्याण हाच सर्वश्रेष्ठ विचार ठरतो.

मुलाची इच्छा आणि मुलाचे हित हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही गोष्ट पालकांनी मनाशी घट्ट धरावी. मुलाशी बोलून त्याची इच्छा समजून घेता येते, परंतु त्याचे सर्वोत्तम हित कशात आहे हे सर्व परिस्थिती पाहून न्यायालयच ठरवते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या एका निकालात सांगितले आहे. मुलासाठी हा मोठाच दिलासा आहे, कारण निर्णयाचा भार त्याच्या डोक्यावर नाही असे त्याला खरेपणाने सांगता येते.

आधी पुरसिस, मग अर्ज

दोन्ही पालकांमध्ये बोलण्याइतपत संबंध उरले असतील, किंवा निदान दोघांच्या वकिलांमध्ये असतील, तर मी सर्वांत आधी एक संयुक्त पुरसिस, म्हणजे न्यायालयात द्यायचे लेखी निवेदन, देण्याचा आग्रह धरेन. दोघांपैकी कोणीही मुलाला साक्षीदार म्हणून तपासणार नाही आणि मुलाचे म्हणणे न्यायाधीशांनी किंवा समुपदेशकांनी ऐकावे यास दोघांची संमती आहे, एवढेच त्यात लिहायचे असते. या एका कागदाने मुलाच्या डोक्यावरची टांगती तलवार दूर होते आणि पालकांमधला वादाचा एक मोठा विषय संपतो.

पुरसिस शक्य नसेल तर अर्ज द्यावा. अर्जाची भाषा साधी, पण मागणी नेमकी असावी. नमुन्यादाखल मजकूर असा:

“अर्जदाराची नम्र विनंती की, अज्ञान (अल्पवयीन) मुलगी हिचे म्हणणे मे. न्यायालयाने आपल्या दालनात, दोन्ही पक्षकार व त्यांचे वकील यांच्या गैरहजेरीत, विवाह समुपदेशकांच्या उपस्थितीत ऐकून घ्यावे. भेट मुलीच्या परीक्षेच्या काळात ठेवू नये व शक्यतो दुपारच्या सत्रात ठेवावी. संभाषण मराठीत व्हावे. संभाषणाचे टिपण बंद लिफाफ्यात ठेवावे. आणि मुलीस याच कारणासाठी पुन्हा पुन्हा बोलावले जाऊ नये, असा आदेश व्हावा.”

लिफाफ्याची विनंती मान्य करायची की नाही हे न्यायाधीशांच्या विवेकावर असते. तरीही ती करावी, कारण मुलाचे शब्द पुढे दोन्ही घरांत वाचून दाखवले जाण्याचा धोका त्यामुळे कमी होतो. अर्जावर सामनेवाल्यांचे म्हणणे मागवले जाते. त्या लेखी म्हणण्यात (‘से’मध्ये) विरोध झाला तर एखादी तारीख वाढते, पण विरोधाची कारणे लेखी समोर येतात आणि न्यायाधीशांना त्यांवर विचार करता येतो. कामकाज बंद दालनात चालवण्याची तरतूद 1984 च्या अधिनियमाच्या कलम 11 मध्ये आहे. पक्षकारांपैकी एकाने मागणी केली तरी ते तसे चालवावे लागते, म्हणून ही मागणी विसरू नये. तारखेचाही विचार करावा. निफाड-दिंडोरी भागातील बागाईतदार कुटुंबांत द्राक्षाचा हंगाम आणि मुलांच्या परीक्षा जवळजवळ एकाच सुमारास येतात. घरातील मोठी माणसे दिवसभर बागेत किंवा पॅकिंगच्या कामात गुंतलेली असताना मुलाला कोर्टाच्या तारखेला न्यावे लागले की त्याच्या वाट्याला कोणाचेच लक्ष येत नाही.

कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, 2005 खालील अर्जही चालू असेल तर ती माहिती कौटुंबिक न्यायालयाला द्यावी. त्या अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे दंडाधिकारीही मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि दोन्हीकडे मुलाला तेच ते सांगायला लावण्याचा प्रसंग टाळणे दोन्ही वकिलांच्या हातात असते.

मुलाची तयारी: काय सांगावे आणि काय शिकवू नये

खरे अवघड काम येथून सुरू होते. मुलाला काहीच न सांगता “चल, एका ठिकाणी जाऊन येऊ” म्हणून नेणे जितके वाईट, तितकेच त्याच्याकडून उत्तरे पाठ करून घेणेही वाईट. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी संध्याकाळी सांगितले तरी पुरते, कारण आठवडाभर आधी सांगितल्यास ते आठवडाभर त्याच विचारात राहते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मात्र काही दिवस आधी सांगावे आणि त्याच्या प्रश्नांना वेळ द्यावा. सांगताना शब्द साधारण असे असावेत: “उद्या आपण न्यायाधीशांना भेटायला जाणार आहोत. ते तुझ्याशी एकट्याशी बोलतील. तुझी शाळा, तुझे मित्र, दोन्ही घरी तुला कसं वाटतं, असं काही विचारतील. जे खरं आहे ते सांग. एखादी गोष्ट आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटलं नाही तर तसंही सांगता येतं. तू काय बोललास ते मी विचारणार नाही आणि त्यावरून मी रागावणार नाही. कुठे राहायचं हे तू ठरवायचं नाहीस, ते ठरवणं मोठ्या माणसांचं काम आहे.” दुसऱ्या पालकाच्या मनातलेही आपणच बोलू नये; मात्र दोघांचे जमत असेल तर दोघांनीही मुलाला हेच शब्द सांगावेत.

पढवलेले मूल ओळखायला न्यायाधीशांना वेळ लागत नाही. दुसरीत शिकणारा मुलगा दालनात बसल्या बसल्या “पप्पा आमचा मानसिक छळ करतात आणि पालनपोषणाची जबाबदारी टाळतात” असे एका दमात म्हणून टाकतो. न्यायाधीश हळूच विचारतात, “मानसिक छळ म्हणजे काय रे बाळा?” मुलगा दाराकडे पाहतो, कारण उत्तर दाराबाहेर उभे आहे. अर्जातील वाक्य जसेच्या तसे मुलाच्या तोंडी आले की त्यानंतर तो जे खरे सांगेल त्यालाही वजन राहत नाही, मग घरी खरोखरच त्रास होत असला तरी. याउलट “रात्री ताप आला तेव्हा आजीनं पट्ट्या ठेवल्या, पप्पा झोपले होते” असे मुलाचे स्वतःचे साधे वाक्य दहा पानांच्या शपथपत्राहून अधिक सांगून जाते. न्यायाधीश विचारतातही असेच: शाळेत कोण सोडते, डब्यात काय असते, अभ्यास कोणाजवळ बसून करतोस, घरात मोठ्याने भांडण झाले की तू कुठे जातोस. या प्रश्नांची तयारी करून घेता येत नाही आणि करूनही घेऊ नये.

काही गोष्टींना ठाम नकारच द्यावा. मुलाच्या हातात मोबाइल देऊन किंवा त्याच्यासमोर धरून “बाबांबद्दल सांग” असे व्हिडिओ काढू नयेत. असे व्हिडिओ न्यायालयात दाखल करणाऱ्या पालकाविषयीच प्रश्न उभे राहतात, आणि त्याहून वाईट म्हणजे मूल मोठे झाल्यावर स्वतःला त्या व्हिडिओत पाहते. याचिकेच्या प्रती घरात उघड्यावर ठेवू नयेत. मामा, आत्या, आजोबा यांनी मुलाला एकट्याने गाठून “तुला कोण जास्त आवडतं?” विचारू नये, आणि हे त्यांना पालकानेच स्पष्ट शब्दांत सांगावे. खाऊ, सायकल, सहल यांची आमिषे भेटीच्या आसपास दाखवू नयेत. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे अशा कामकाजाचा मजकूर न्यायालयाच्या परवानगीशिवाय छापणे किंवा प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर आदेशाचा फोटो टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

भेटीचा दिवस

कोर्टाच्या आवारात मुलाला शक्य तितका कमी वेळ काढावा लागेल असे पाहावे. तारखेच्या दिवशी पुकारा कधी होईल याचा भरवसा नसतो. म्हणून भेटीची वेळ आधी ठरवून मागावी आणि तोपर्यंत मुलाला एखाद्या नातेवाइकाजवळ शांत जागी बसवावे. त्याला आणणारी व्यक्ती दाव्यात साक्षीदार नसलेली असावी. डबा, पाणी आणि आवडते पुस्तक बरोबर घ्यावे. नवे कपडे, भारी केशरचना यांची गरज नाही.

कोर्टाच्या कॉरिडॉरमधले एक दृश्य नेहमी मन अस्वस्थ करते. समोरून वडील येताना दिसतात, मुलगी हात वर करते, मग शेजारी उभ्या असलेल्या आईच्या चेहऱ्याकडे पाहते आणि तो हात खाली घेऊन ओढणीशी चाळा करू लागते. त्या क्षणी आईने काही बोललेले नसते. म्हणूनच त्या दिवशी पालकाने आपला चेहरा सांभाळायचा असतो. मुलगी हसून कोणाकडेही जाऊ लागली तर जाऊ द्यावे. भेट संपवून मूल बाहेर आले की “काय विचारलं? तू काय सांगितलंस?” हे दोन प्रश्न विचारू नयेत, भूक लागली आहे का एवढे विचारून घरी न्यावे. आपणहून काही सांगू लागले तर ऐकावे, त्यावर टीका किंवा आनंद काहीही दाखवू नये. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवू नये.

साक्ष टळतच नसेल तर

घरातील मारहाण फक्त मुलाने पाहिली आहे, दुसरा साक्षीदार नाही आणि प्रकरणाचा निकाल त्या एका घटनेवर अवलंबून आहे, अशा मोजक्या प्रसंगी रीतसर साक्षीचा विचार होतो. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 हा 1 जुलै 2024 पासून लागू झाला. त्याच्या कलम 124 प्रमाणे, आणि त्यापूर्वीच्या 1872 च्या अधिनियमाच्या कलम 118 प्रमाणेही, साक्षीसाठी किमान वय असे नाही. प्रश्न समजून घेऊन सुसंगत उत्तर देता येते की नाही हेच पाहिले जाते, आणि त्यासाठी न्यायाधीश आधी मुलाला नाव, शाळा, खरे-खोटे यांविषयी काही साधे प्रश्न विचारतात. शपथ अधिनियम, 1969 च्या कलम 4 नुसार, बारा वर्षांखालील मुलाला खरे बोलण्याचे कर्तव्य कळते पण शपथेचा अर्थ कळत नाही असे न्यायालयाचे मत झाल्यास त्याला शपथ न देताही त्याची साक्ष नोंदवता येते.

अशा वेळी वकिलांमार्फत पुढील मागण्या कराव्यात: साक्ष बंद दालनात व्हावी, वकिलांनी आपले प्रश्न आधी लेखी देऊन ते न्यायाधीशांनीच विचारावेत, मधे मधे विश्रांती मिळावी, मुलाला दुसरा पालक नजरेसमोर दिसणार नाही अशी बसण्याची व्यवस्था करावी किंवा साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे घ्यावी. अश्लील, अपमानकारक किंवा केवळ त्रास देण्यासाठी विचारलेले प्रश्न रोखण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे. आपल्या वकिलांनी त्याच क्षणी हरकत घ्यावी, असे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर तो विषय ताब्याच्या अर्जापुरता मर्यादित ठेवू नये. पॉक्सो अधिनियम, 2012 (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) च्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला माहिती देणे बंधनकारक आहे, आणि त्या प्रकरणातील मुलाची साक्ष विशेष न्यायालयात, त्या अधिनियमातील संरक्षणांसह होते. बाल साहाय्यासाठी 1098 या क्रमांकावर संपर्क साधावा. मात्र ताबा मिळवण्यासाठी खोटा आरोप करणे हा त्याच अधिनियमाच्या कलम 22 खाली प्रौढ व्यक्तीसाठी शिक्षापात्र गुन्हा आहे, आणि मुलाच्या मनावर त्याचा होणारा परिणाम कोणत्याही शिक्षेपेक्षा लांब चालतो.

आदेश झाल्यावर

आदेश काय झाला हे मुलाला त्याच दिवशी, शक्य असल्यास दोन्ही पालकांनी मिळून आणि साध्या शब्दांत सांगावे: कुठे राहायचे, कोणत्या दिवशी कोणाकडे जायचे, सुट्टीत काय. “तू बोललास म्हणून असं झालं” हे वाक्य कौतुकानेही उच्चारू नये. पोटदुखी, अंथरूण ओले होणे, शाळेला जायचे नाही म्हणून रडणे अशा तक्रारी आठवडाभराहून अधिक राहिल्या तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे; टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही उपलब्ध आहे. वर्गशिक्षिकेला तपशील न देता फक्त एवढे सांगावे की घरात बदल होत आहे, जरा लक्ष असू द्या.

आदेश मान्य नसेल तर उच्च न्यायालयात अपील करता येते. 1984 च्या अधिनियमात त्यासाठी 30 दिवसांची मुदत दिली आहे, तेव्हा प्रमाणित नक्कल मिळवण्याचा अर्ज आदेशाच्या दिवशीच द्यावा. अपिलात मुलाला मुंबईला नव्याने बोलावण्याची विनंती आपल्या बाजूने करण्यापूर्वी वकिलांना एक विचारावे: नाशिकमधील भेटीचे टिपण आणि समुपदेशकांचा अहवाल उच्च न्यायालयापुढे मागवून काम भागणार नाही का? परिस्थिती बदलली, मूल मोठे झाले किंवा एका पालकाची बदली झाली तर त्याच न्यायालयात आदेशात बदल मागता येतो. तसा अर्ज करताना मुलाला पुन्हा बोलावण्याची मागणी आपोआप जोडू नये; आधीच्या भेटीनंतर किती काळ लोटला आणि मुलाचे म्हणणे नव्याने ऐकण्याचे कारण काय, हे अर्जात स्वतंत्र परिच्छेदात लिहावे.